आधी ऊन बघा, मग बी आणा: गरम हवेत घरची भाजी आणि फळं लावायची असतील तर

बागकामाचा कुठलाही सल्ला वाचा, पहिलं वाक्य ठरलेलं: भरपूर ऊन येईल अशी जागा निवडा. थंड हवेत राहणाऱ्यांसाठी ते अगदी बरोबर आहे. पण जिथे वर्षातले सात-आठ महिने दुपारी गच्चीवर अनवाणी पाय टेकवत नाही तिथे हाच सल्ला पाळला की रोपं आठवड्याभरात भाजून निघतात, आणि मग माणूस म्हणतो जाऊदे, माझ्या हातालाच यश नाही. हाताला काही झालेलं नसतं हो. दुपारचं ऊन जास्त झालेलं असतं नाहीतर झाड चुकीचं निवडलेलं असतं, बहुतेक वेळा दोन्ही.

मी पण झाडं मारत मारतच शिकलेय. खाली जे आहे ते पहिल्या वर्षापुरतं आहे, आणि त्यातही सुरुवात छोटीच करा. जमीन असेल तर ४ फूट बाय ८ फूटचा एक वाफा, कुंड्या असतील तर सात-आठ, बास. ३० कुंड्या एकदम आणणारे लोक तिसऱ्या आठवड्यात पाणी घालून घालून कंटाळतात, हे मी बऱ्याच जणांचं बघितलंय.

१. दोन दिवस फक्त ऊन बघायचं

सुट्टीच्या दिवशी सकाळी ८, ११, दुपारी २ आणि ५ वाजता त्याच जागेचा मोबाईलवर फोटो काढा. एवढंच. कुठे किती वेळ ऊन आहे ते चार फोटोंत कळतं, अंदाजाने सांगितलं तर आपण नेहमी चुकतो. फळ धरणाऱ्या भाज्यांना (भेंडी, वांगी, मिरची, सगळे वेल) साधारण ६ तास ऊन लागतं, पालेभाज्यांचं ३-४ तासांतही भागतं. पण गरम हवेत किती तास यापेक्षा कुठले तास हे जास्त महत्त्वाचं, सकाळचं ऊन म्हणजे सोनं, दुपारी १ ते ४ चं ऊन झाडाच्या फारसं कामाचं नसतं, त्या वेळात बरीच झाडं पानांची छिद्रं मिटून नुसती तग धरून बसलेली असतात.

म्हणून पूर्वेची बाजू मिळत असेल तर डोळे झाकून ती घ्या. पश्चिमेची भिंत सगळ्यात वाईट, कारण ती दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता बाहेर सोडत राहते, म्हणजे झाडाला रात्रीचाही आराम नाही. तीच एक जागा असेल तर भिंतीवर जाळी बांधून एखादा वेल चढवा, घर पण थोडं गार राहील.

ऋतू बदलला की सूर्य सरकतो, त्यामुळे तीन-चार महिन्यांनी परत फोटो काढावे लागतील. आणि नळ किती लांब आहे तेही बघून ठेवा. बादल्या उचलून पाणी घालायचा उत्साह फार तर दोन आठवडे टिकतो. गच्चीवर करणार असाल तर वजनाचा विचार आधी करा, २० लिटरची कुंडी पाणी दिल्यावर सहज २५ किलोच्या आसपास जाते, त्यामुळे कुंड्या स्लॅबच्या मधोमध न ठेवता खाली भिंत किंवा बीम आहे अशा ठिकाणी ठेवा, आणि बिल्डिंग जुनी असेल तर जाणकाराला विचारूनच.

२. माती

जमिनीत लावणार असाल तर आधी कशी माती आहे ते बघा. काचेची बाटली घ्या, एक तृतीयांश माती, वर पाणी, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू एक-दोन मिनिटांत खाली बसते, त्यावर काही तासांत गाळ, आणि चिकणमाती बसायला एखादा दिवस नाहीतर जास्तच. चिकणमातीचा थर जाड असेल तर पाणी तुंबणार, वाळूच वाळू असेल तर पाणी आणि खत दोन्ही खाली निघून जाणार. गंमत म्हणजे दोन्हीवर औषध एकच, चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत. चिकणमातीत वाळू मिसळायचा प्रयोग करू नका, थोडी वाळू घातली तर विटेसारखं घट्ट होतं.

गरम हवेतली एक गोष्ट कोणी सांगत नाही. माती तापलेली असली की जिवाणू भराभर काम करतात, त्यामुळे कंपोस्ट फार लवकर संपतं. तुम्ही वाफ्यात घमेलं घमेलं खत घातलं आणि सहा महिन्यांनी बघितलं तर माती परत फिकट आणि कडक, असं वाटतं कोणी चोरून नेलं. म्हणून दर हंगामाला वरून २ इंचाचा थर द्यायचाच. शेण ताजं घालू नका पण, ते कुजताना मुळं जाळतं आणि वर जंतूंचा प्रश्न असतो तो वेगळा. चांगलं कुजलेलं खत काळं, भुसभुशीत असतं आणि त्याला पावसात भिजलेल्या मातीचा वास येतो. शेणाचा वास येत असेल तर अजून वेळ आहे.

कुंडीसाठी नुसती बागेतली माती नको, ती दोन महिन्यांत दगड होते. अंदाजे एक भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असं मिश्रण बहुतेक सगळ्याला चालतं. कुंडीच्या साईझमध्ये मात्र कंजूषी करू नका. पालेभाज्यांना ६ ते ८ इंच खोली पुरते, मिरची भेंडीला १२ इंची कुंडी, वांगी टोमॅटोला १५ इंची किंवा २० लिटरची बादली, फळझाडाला १८ ते २४ इंच. छोटी कुंडी उन्हात दिवसातून दोनदा सुकते आणि काळी प्लॅस्टिकची असेल तर मुळं अक्षरशः शिजतात. पांढरा चुना किंवा फिका रंग मारा बाहेरून, नाहीतर कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा म्हणजे एकमेकींवर सावली पडते. खाली भोकं हवीतच, हे सांगावं लागू नये पण लागतं.

३. काय लावायचं (आणि टोमॅटोचा मोह)

प्रत्येकाला पहिलं झाड टोमॅटोचंच लावायचं असतं. मला पण लावायचं होतं. हवा थोडी सौम्य असेल तेव्हा जरूर लावा, पण ऐन उन्हाळ्यात नको, कारण दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही २४-२५ च्या खाली उतरायचं नाव नाही अशी हवा असली की टोमॅटोचे परागकण निकामी होतात, फुलं येतात आणि देठासकट गळून पडतात. झाड हिरवंगार दिसतं आणि फळ एक नाही. लोक खत घालत बसतात. खताने काही होत नाही, हवा बदलेपर्यंत थांबावं लागतं. छोटे चेरी टोमॅटो त्यातल्या त्यात जास्त सोसतात.

खरं ऊन खाणारी मंडळी वेगळीच आहेत. भेंडी, चवळी, गवार, वांगी, तिखट मिरची, दोडका, घोसाळी, दुधी, कारलं, काकडी, लाल भोपळा, रताळं. पालेभाजीत तांदुळजा, राजगिरा, अंबाडी आणि मायाळूचा वेल. या यादीतलं काहीही तीन-चार निवडा आणि तेवढ्यावरच पहिला उन्हाळा काढा. मला विचाराल तर भेंडी, चवळी, तांदुळजा आणि एक मिरची. तांदुळजा तीन-चार आठवड्यांत कापणीला येतो, त्यामुळे काहीतरी हाताला लागतं आणि धीर येतो, भेंडीची पहिली तोडणी पेरल्यापासून ४५ ते ५५ दिवसांत.

पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर, बीट, मटार, कोबी, फ्लॉवर ही सगळी वर्षातल्या गार महिन्यांसाठी राखून ठेवा. उन्हाळ्यात कोथिंबीर लावली की चार पानं येतात न येतात तोच मधून दांडा वर जातो आणि फुलावर येते. तो तिचा स्वभाव आहे, उष्णता वाढली की आता बी धरून मोकळं व्हावं असं तिला वाटतं. अर्धवट सावलीत थोडी जास्त टिकते इतकंच.

थोडक्यात गरम हवेत दोन हंगाम असतात आणि उन्हाळा हा त्यातला अवघड हंगाम असतो. थंड देशातले लोक बर्फात बाग बंद ठेवतात तसं आपण अगदी भाजणाऱ्या दीड-दोन महिन्यांत वाफा रिकामा ठेवला तरी काही बिघडत नाही. उलट त्या वेळात एक काम करून घ्या: वाफा ओला करा, पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीत दाबून टाका आणि ४ ते ६ आठवडे तसंच ठेवा. खालची माती इतकी तापते की तणाचं बी, बुरशी, सूत्रकृमी (मुळांना लागणारे अगदी बारीक जंत) बरेचसे मरतात. काळं प्लॅस्टिक नाही चालत तितकं, पारदर्शकच घ्या.

४. पेरणी आणि रोपं

बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल, जास्त नाही. भेंडीचं बी कडक असतं ते रात्रभर भिजवा. धणे हलके रगडून दोन फाकी करा. वेल, भेंडी, शेंगा थेट जागेवरच पेरा, त्यांना मुळं हलवलेली आवडत नाहीत. मिरची आणि वांगी आधी छोट्या कपात करा, मिरची उगवायला दहा-पंधरा दिवस घेते, तोवर कप उकरून बघायचा नाही. (मी बघितलंय. दोन वेळा.)

सावलीत वाढवलेलं किंवा नर्सरीतून आणलेलं रोप एकदम उन्हात ठेवू नका. पहिले दोन दिवस सकाळचा तास-दीड तास, मग रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवसांनी कायमच्या जागी. लावायचं संध्याकाळी, म्हणजे त्याला सावरायला अख्खी रात्र मिळते. अंतर भेंडीत फूटभर, मिरचीत दीड फूट, वांग्यात दोन फूट, आणि रोपं एवढुशी असताना हे अंतर फार वाटतं पण ठेवा.

५. पाणी, इथेच सगळे चुकतात

माझी पहिली मोठी चूक ऐका. दुधीचा वेल लावला होता, पानं ताटाएवढी झालेली, आणि रोज दुपारी ती पानं ओल्या फडक्यासारखी लोंबायची. मला वाटलं तहान लागली, मग रोज दुपारी एक बादली, शिवाय सकाळची आणि संध्याकाळची होतीच. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली आणि एका सकाळी वेल बुंध्याशी मऊ लागला, ओढला तर हातात आला, मुळं तपकिरी आणि वास येणारी. मी त्याला पाणी पाजून मारलं होतं.

मोठ्या पानांची झाडं दुपारी मान टाकतातच. मुळं जेवढं पाणी चढवतात त्यापेक्षा पानांतून जास्त उडून जातं म्हणून असं होतं आणि ऊन उतरलं की आपोआप ताठ होतात. म्हणून झाडाकडे दुपारी बघूच नका, सकाळी ७ ला बघा. सकाळी पण मलूल असेल तर खरंच तहानलंय. खात्री करायची तर बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, आत ओल लागली तर पाणी नको. वरचा अर्धा इंच कोरडा दिसला म्हणजे काही नाही, उन्हात तो तासाभरात कोरडा होतो.

पाणी द्यायचं ते सकाळी लवकर आणि मुळापाशी, खोलवर जाईल एवढं. रोज थोडं थोडं शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि वरचाच थर सगळ्यात जास्त तापतो. वाफ्याला एक दिवसाआड नाहीतर दोन दिवसांनी पण भरपूर, कुंड्यांना मात्र कडक उन्हात रोज लागतंच. पाईपने देत असाल तर उन्हात पडलेल्या पाईपमधलं पहिलं पाणी हातावर घेऊन बघा, चहा होईल इतकं गरम असतं, ते आधी सोडून द्या. कुंडी एकदा पूर्ण सुकली की माती कडेने सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, आपल्याला वाटतं छान, खालून पाणी आलं, आत माती कोरडी ठणठणीत. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवून द्यायची.

दोन-तीन दिवस बाहेर जाणार असाल तर मातीचं भाजलेलं पण बिनचकाकीचं साधं मडकं गळ्यापर्यंत वाफ्यात पुरा, भरा आणि झाका. पाझरत राहतं, माती सुकेल तसं जास्त पाझरतं.

टोमॅटोच्या बुडाला काळा चामड्यासारखा डाग येतो तो रोग नाही, पाणी एकदा खूप एकदा नाहीच असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही त्याने होतो. पाणी एकसारखं ठेवलं की पुढची फळं नीट येतात.

६. झाकणं

उघडी माती ठेवूच नका. वाळलेली पानं, गवत, पेंढा, काहीही २-३ इंच जाड पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका, दोन बोटं जागा सोडा नाहीतर खोड कुजतं. दुपारी एकदा उघड्या मातीवर हात ठेवा आणि एकदा पानं सारून खाली हात घाला, फरक लगेच कळेल, वेगळं पटवायला नको. ऐन उन्हाळ्यात ३० ते ५० टक्क्यांची शेडनेट (म्हणजे तेवढं ऊन अडवणारी हिरवी जाळी) फक्त दुपारच्या बाजूने बांधा. त्याहून दाट बांधली तर झाडं उंच लुकडी होतात आणि फळ धरत नाहीत.

७. फुलं येतात पण फळ धरत नाही

वेलांबाबत हा प्रश्न हमखास. सगळ्यात आधी हे बघा की पहिले आठ-दहा दिवस बहुतेक फुलं नरच येतात, ती गळणारच. मादी फुलाच्या मागे देठाशी बारीकसं फळ असतं, बोटाएवढा दोडका किंवा गोटीएवढा भोपळा, ते नसेल तर नर. मादी फुलंही पिवळी पडून गळायला लागली तर मधमाश्या येत नाहीयेत असं समजायचं, आणि वरच्या मजल्यांवर असं होतंच. मग आपणच मधमाशी व्हायचं. ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे सोला, मधला पिवळा पावडर लागलेला दांडा मादी फुलाच्या मधे हलकेच फिरवा. एका नर फुलाने दोन-तीन मादी फुलांचं काम होतं.

वेळ महत्त्वाची आहे, कारण भोपळा, काकडी, कारलं, घोसाळी सकाळी उमलतात पण दोडका आणि दुधी संध्याकाळी. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी रोज सकाळी दोडक्याच्या मिटलेल्या फुलांशी झटापट करायचे. मग एकदा सहज दिवेलागणीला दोरीवरचे कपडे काढायला गेले तर अख्खा वेल पिवळाधमक, सगळी फुलं उघडी, आणि त्यावर एक पतंग भिरभिरतोय.

८. फळझाडं

यात घाई नको, पण लावायला उशीरही नको, कारण प्रत्येक वर्ष मोजलं जातं. बी पेरून लिंबाला फळ यायला ५ ते ७ वर्षं जाऊ शकतात, कलम किंवा गुटीचं (फांदीलाच मुळं फोडून केलेलं) रोप २-३ वर्षांत देतं. कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे आणि सांध्याच्या खालून फुटणारी फूट दिसली की लगेच मोडायची, ती दुसऱ्याच झाडाची असते आणि वरच्याला खाऊन टाकते. खड्डा रुंद करा, खोल नाही, नर्सरीच्या पिशवीत जेवढं खोड मातीत होतं तेवढंच खड्ड्यातही.

लवकर हवं असेल तर पपई आणि केळी. पपई लावल्यावर साधारण ८-१० महिन्यांत फळ देते. बियांची असेल तर एका जागी तीन रोपं लावा, फुलं आल्यावर लांब लोंबत्या देठांवर झुबके येतात तो नर, परागासाठी एखादा नर ठेवून बाकीचे काढून टाका. पपईला पाणी तुंबलेलं अजिबात चालत नाही, मुळाशी दोन दिवस पाणी साचलं तरी झाड जातं, म्हणून उंचवट्यावर लावा. केळीचं एक खोड एकदाच घड देतं, नंतर ते कापून बाजूचं पिल्लू वाढू द्यायचं. कुंडीत लिंबू, डाळिंब, अंजीर, पेरू छान राहतात. आंबा, फणस, जांभूळ यांना मोठी जागा लागते, घराच्या भिंतीला खेटून लावायच्या आधी दहा वर्षांनंतरचं झाड डोळ्यासमोर आणा.

९. किडी

आठवड्यातून दोनदा पानं उलटी करून बघा, निम्मं काम तिथेच होतं. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पडतो. कोरड्या गरम हवेत पानांवर बारीक फिके ठिपके आणि खाली जाळी दिसली तर लाल कोळी, त्याला पाणी आवडत नाही, पानांच्या खालून रोज धुवा. वांग्याचा एखादाच शेंडा मान टाकून वाळला तर आत अळी आहे, शेंडा खालून कापून नष्ट करा. फळमाशीसाठी काकडी-कारल्याला लहान असतानाच कागदी पिशवी घाला. निंबोळी तेल लावायचं तर लिटरला ५ मिली आणि थोडा लिक्विड साबण, पण संध्याकाळीच, उन्हात फवारलं तर पानं करपतात.

१०. तोडणी

भेंडी फुलल्यावर चार ते सहा दिवसांत तोडायला येते आणि गरम हवेत एक दिवस चुकला तरी निबर होते, म्हणून एक दिवसाआड कात्री घेऊन फेरी मारायचीच. टोक बोटाने मोडून बघा, कट्कन मोडलं तर कोवळी. चवळी, काकडी, दोडका यांचंही तसंच, जून फळ वेलावर राहिलं की वेलाला वाटतं आपलं काम झालं आणि नवीन फुलं कमी होतात. कुठेतरी पानाआड लपलेली एखादी भेंडी सापडेलच, वीतभर लांब, लाकडासारखी. ती तोडली असेल तर कंपोस्टमध्ये टाका, पण झाड निरोगी असेल आणि हंगाम संपत आला असेल तर तिला तशीच वाळू द्या, शिरा तडकायला लागल्या की काढून बी डब्यात भरा आणि डब्यावर तारीख लिहा.